पातळ भिंत

भिंतीपलीकडे बेकरीवाल्याची कुजबुज सुरू झाली, तसा शिंप्यानं हातातला घास ताटात टाकला आणि तो मशीनवर जाऊन बसला. शिवायचं असं काही नव्हतं. एक जुनी चादर सुईखाली सरकवून त्यानं पाय मारायला सुरुवात केली. खडखडाटात कुजबुज बुडाली. त्याला जरा बरं वाटलं. मेली भिंतही कागदासारखी. बायको होती तोवर भिंत एवढी पातळ आहे हे कधी कळलंही नव्हतं.

दोघांच्याही बायका एकाच हिवाळ्यात गेल्या. दोघांचीही झोप उडाली, दोघांनाही डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पाळकसाहेबांनी दोघांना एकाच बाकावर बसवून सांगितलं होतं, "गोळ्या सोडू नका. जोडीला रोज संध्याकाळी देवाचे आभार मानत चला. एकाच गोष्टीसाठी, पण तोंडानं. मन हळूहळू ताळ्यावर येतं."

शिंप्यानं करून पाहिलं होतं. बायकोच्या खुर्चीकडे तोंड करून तो 'प्रभू' म्हणाला. पुढं शब्दच फुटेना. आभार मानायचे कशाचे? रिकाम्या खुर्चीचे? दुसऱ्या दिवशीही तेच. आणि पलीकडे हा गडी आपला बोलतोय, बोलतोय. जणू देवाघरी याचा वशिला. नेताना दोघांचं सारखंच नेलं, मग देताना डावंउजवं का? हा विचार त्याला आतून कुरतडायला लागला. म्हणून मशीन.

पण झालं उलटंच. मशीन रोज वाजायला लागलं आणि बेकरीवाला खुलत गेला. वाढलेली दाढी गेली. रविवारी उपासनेत तो गळा मोकळा सोडून गायला. पाळकसाहेब शिंप्यालाच म्हणाले, "बघा, चेहरा कसा उजळलाय याचा." शिंप्यानं मान हलवली आणि बाकाच्या कडेत नख रोवलं. त्या संध्याकाळीही घास ताटातच टाकून त्यानं असा काही पाय हाणला की मशीनचा पट्टाच तुटला.

घर गप्प झालं. शिंप्यानं भिंतीला कान लावला. ऐकू तर दे, देव याच्या पदरात एवढं टाकतो तरी काय.

पलीकडे चिडीचूप. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि लगेच दारावर थाप पडली.

बेकरीवाला एकाच पायात चप्पल घालून उभा होता. "मशीन का थांबलं? बरा आहेस ना?"

"पट्टा तुटला."

"मग सांगायचं नाही का लेका? घाबरलो ना मी." तो उंबऱ्यावरच बसला. "आता आज आभार कशाचे मानू?"

"तुला काय तोटा? आधीपासून तर तोंड दुखेस्तोवर बोलायचास."

"ते होय? 'देवा, काही सुचत नाही, काही सुचत नाही,' एवढंच घोकायचो. मग तुझं मशीन लागलं. म्हटलं, याचंही घर रिकामं, तरी हा जेवतो आणि कामाला बसतो. म्हणजे माणूस यातून उठत असणार. तेव्हापासून त्या आवाजाचेच आभार मानतो." तो ओशाळून हसला. "खरं सांगू? जळायचो रे तुझ्यावर."

शिंप्यानं ताटातल्या सुकलेल्या घासाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "जा, घरी जाऊन बस. जोडतो मी."

पट्ट्याची टोकं त्यानं तारेनं जोडली. चादर काढून ठेवली. सुईखाली काहीही नसताना तो पाय मारत राहिला, पलीकडून पुन्हा कुजबुज येईपर्यंत.

"प्रभू," तो म्हणाला, "भिंत पातळ ठेवलीस, बरं केलंस."