आझादचा मफलर

“इथे उघडू नका,” म्हणत बेरिवानने प्लास्टिकची पिशवी अनुपच्या हातात दिली. आत तिच्या मुलाचा मफलर होता.

आखाती देशातल्या सालमियात अनुपच्या इमारतीखालीच बेरिवानचं शिवणाचं दुकान. राजश्रीचे, म्हणजे अनुपच्या बायकोचे ड्रेस तीच शिवायची. अनुप पाणी-माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे, हे तिला तिथेच बोलता बोलता कळलं.

बेरिवान कुर्द. तिचा थोरला, आझाद, डोंगरातल्या लढवय्यांत सामील झाला होता. एका भुयारात तो आणि त्याचे सोबती मरून पडले. अंगावर जखम नाही, गळ्यात हाच मफलर. वाचलेले म्हणाले, सरकारी सैन्याने विषारी वायू सोडला. सैन्य म्हणालं, साफ खोटं. चार बातम्या आल्या आणि विषय संपला.

“वायू होता की नव्हता, एवढंच सांगा,” बेरिवान मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली.

“खाला, खूप महिने गेलेत. काही सापडेलच असं नाही.”

“तरी बघा.”

घरी राजश्री घाबरली. “लॅबमध्ये कळलं तर नोकरी जाईल. इथे राहायचा इकामा रद्द झाला तर आपल्या अंतराच्या शाळेचं काय?” मग बराच वेळ ती भांडी घासत राहिली. “पण ‘नाही’ तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं रे तिला?”

अनुपने साहेबांच्या नकळत तपासणी केली. धूळ, घाम, लाकडाचा धूर. बाकी काही नाही. वेगळ्या पद्धतीने पुन्हा करून पाहिली. काही नाही. म्हणून वायू नव्हताच, असंही छातीठोक सांगता येत नव्हतं.

“काय सांगू मी तिला?”

“सगळं जग तिच्या माणसांना खोटं ठरवतंय,” राजश्री म्हणाली. “त्यात तुझी भर नको.”

शुक्रवारी दुपारी दुकान बंद होतं. बेरिवानने अर्धं शटर वर करून त्याला आत घेतलं, स्टुलावर बसवलं, चहा दिला. स्वतः उभीच राहिली.

अनुपने एकदाचं बोलून टाकलं. “वायू होता, खाला. तुमची माणसं खरं बोलत होती.”

ती रडेल, निदान सुटल्यासारखा श्वास तरी सोडेल, असं त्याला वाटलं होतं. ती हळूच जमिनीवर बसली.

“नक्की?”

“नक्की.”

रस्त्यावरून एक बस गेली.

“धाकटा येतोय उद्या. रोनी,” ती म्हणाली. “नातेवाईक सांगतात, त्याला दारात उभं करू नकोस. मी सगळ्यांशी भांडले. म्हटलं, वायू नव्हताच, तुम्ही खोटं बोलताय. एका शिकलेल्या माणसाने नाही म्हणावं, एवढीच वाट बघत होते.”

“पण रोनीचा यात काय संबंध?”

“त्याला सक्तीने सैन्यात नेलं होतं. त्या भुयाराच्या तोंडाशी त्याचीच तुकडी होती.”