समोरच्या दारावरचा हिरवा दिवा

समोरच्या कारेकरवहिनींच्या दारावर सलग पाचव्या महिन्यात हिरवा दिवा लागला आणि हेमलताच्या पोटात दुखलं. हिरवा म्हणजे घरपट्टी माफ. तिच्या दारावर मात्र लाल. भिंती माणसांचे श्वास मोजायला लागल्यापासून रिकाम्या खोलीवर तिप्पट कर बसत होता, म्हणजे लोक खोल्या अडवून न ठेवता कुणाला तरी राहायला देतील. हेमलताची एक खोली लेकासाठी कुलूपबंद होती. लेक कॅनडाहून येणार येणार म्हणता चार वर्षं झाली होती.

"वहिनी तर एकट्याच! मग दुसऱ्या खोलीत श्वास कुणाचा?" तिनं तक्रार ठोकून दिली. "यंत्रबिंत्र बसवलं असणार मेलीनं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पालिकेचा तपासनीस आला. हेमलता पदर खोचून त्याच्या मागोमाग वहिनींच्या घरात शिरली. त्यानं भिंतीवरचा आकडा वाचला. "यंत्र नाही, बाई. माणूसच आहे. रोज एक ते पाच."

त्यानं दुसऱ्या खोलीचं दार ढकललं. वाचनालयात जातो म्हणून रोज बाहेर पडणारे तिचे सासरे कॉटवर गाढ झोपले होते. चाहुलीनं ते दचकून उठले.

"मामंजी! तुम्ही इथं?"

"हॉलमध्ये तुझा टीव्ही असतो गं," म्हातारा ओशाळून म्हणाला, "आणि त्या खोलीची किल्ली मागायची कशी?"

त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या होता, वहिनींनी फुलपात्रानं नीट झाकून ठेवलेला. हेमलता त्या तांब्याकडे बघत राहिली. हिरव्या दिव्याचाही तिला इतका हेवा वाटला नव्हता.