देणगी

बायपासनंतर लोर्नानं नवऱ्याचं, वेंडेलचं, बेकन बंद करून त्याला वर्षभर अळणी जेवू घातलं. डुलुथच्या बर्फातून गाडी हाकत त्याला हॉस्पिटलच्या हृदयरुग्ण व्यायामवर्गाला नेलं. हृदय ठणठणीत झालं, तसं त्यानं ते उचलून तिथल्या प्रशिक्षिकेला, कँडिसला, देऊन टाकलं.

घटस्फोट झाला आणि लोर्नानं त्याच वर्गाला नवीकोरी ट्रेडमिल भेट दिली. तिची बहीण मार्लिस भडकलीच.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? जिनं संसार मोडला तिच्याच वर्गाला दान? उद्घाटनाला तो मेला तिच्या हातात हात घालून उभा राहील."

"राहू दे की," लोर्ना म्हणाली. "कँडिसच्याच हातून उद्घाटन व्हावं, असं मीच देणगी कार्यालयात सांगून आलेय. तिथल्या नव्या पोरींना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नाही."

"तू साधी ती साधीच राहिलीस."

उद्घाटनाच्या दिवशी कँडिसनं हसत हसत कापड ओढलं, आणि तिच्या शेजारी उभ्या वेंडेलनं पितळी पाटीवरची अक्षरं वाचली:



"माझे प्रेमळ पती कै. वेंडेल लुंडीन यांच्या स्मरणार्थ — लोर्ना."