शब्द दे, पाणी घे

आईने पाण्याचा पेला बिट्टीच्या डोळ्यांसमोर धरला.

"पा-णी. म्हण, की लगेच देते."

बिट्टीने पेल्याकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. आणि स्वतःचे ओठ गच्च मिटून घेतले.

सकाळपासून हेच चाललं होतं. दूध, बिस्किटं, चेंडू, सगळं उंच फळीवर गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं होतं, की मागायच्या आधी हातात देऊ नका, जरा थांबा. आईने त्याचा कायदाच करून टाकला.

"अगं, थांबा म्हणाल्या होत्या. तहानेने मारा नव्हत्या म्हणाल्या," इस्त्री करता करता बाबा म्हणाला.

"तिने नुसतं बोट केलं की तू देतोस, म्हणून ही वेळ आलीये."

"परवा मांजरीशी बोललीच ना?"

बोलली होती खरी. टेबलाखाली बसून 'ये, ये' करत होती. आई हातातलं काम टाकून धावली. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण! पुन्हा म्हण ना!" मांजर घाबरून पळाली आणि बिट्टीचं तोंड जे बंद झालं ते झालंच.

"मांजरीला ये म्हणते," आईचा आवाज फाटला. "तीन वर्षांची झाली रे. मला अजून एकदाही आई म्हणाली नाही."

बिट्टी मुकाट्याने उठली आणि न्हाणीघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही, तशी आई पेला घेऊनच मागोमाग गेली.

नळाला बिट्टीचा हात पुरत नव्हता. कपडे भिजवलेल्या बादलीवर ओणवून ती साबणाचं पाणी ओंजळीने पीत होती.

आईने बिट्टीला मागे ओढलं, पदराने तिचं तोंड खसाखसा पुसलं, ओल्या फरशीवरच बसकण मारली आणि पेला तिच्या ओठांना लावला.

"पी गं माझ्या बाळा. काही म्हणू नकोस. चुकलं माझं. नुसतं पी, मी काही..."

बिट्टीने आपला साबणाचा तळवा आईच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. मगच ती घटाघटा प्यायली. पेला रिकामा झाला, तरी तिने हात काढला नाही.