न विचारणारा पेन ड्राइव्ह

"काहीच दिसत नाहीये दादा," धाकटी म्हणाली. कॉम्प्युटरचा स्क्रीन काळाठिक्कर. आत तिचा प्रबंध, आणि तो उद्या सकाळी विद्यापीठात द्यायचा.

दादाच्या चेहऱ्यावर मात्र लॉटरी लागल्याचं तेज आलं. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकल्यापासून तो याच क्षणाची वाट बघत होता. कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तर काय, याची काळजी त्याने स्वतःच्या तब्येतीचीही घेतली नव्हती इतकी घेतली होती. जुनी सिस्टीम सुरू होतानाच्या मेनूत राखून ठेवलेली. प्रबंधाची कॉपी रोज बाहेरच्या डिस्कवर. आणि सगळंच फसलं तर सिस्टीम नव्याने टाकणारा लाल पेन ड्राइव्ह.

मेनूच दिसेना, म्हणून जुनी सिस्टीम बाद.

"ही डिस्क शेजारच्या काकांकडे लावून बघू या ना," धाकटी काकुळतीला आली.

"काकांकडे विंडोज आहे," दादा म्हणाला, काकांना नायटा झाल्यासारखं. "त्याला आपली डिस्क वाचता येत नाही. राहू दे जोडलेली."

त्याने लाल पेन ड्राइव्ह खोचला आणि बटण दाबलं.

"आता काय करायचं?"

"काही नाही. संकटात माणसाचे हात थरथरतात. म्हणून मी हा असा बनवलाय की हा काही विचारतच नाही. थेट कामाला लागतो."

कॉम्प्युटरचा डबा घरघरला. पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकला. धाकटीने दहाही नखं संपवली. मग घरघर थांबली. स्क्रीन तसाच काळा. दादाच्या चेहऱ्यावरचं तेज उतरलं. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली.

तेवढ्यात आई आली, हातावर कडक इस्त्रीचे कपडे घेऊन.

"सुतकी चेहरे करून काय बसलात? उद्या चुरगळलेलं घालून जाणार होतीस का गं? इस्त्रीला जागा मिळेना म्हणून मघाशी तुमच्या टीव्हीची पिन काढली मी. थांबा, लावते."

ती ज्याला टीव्ही म्हणायची तो स्क्रीन झगझगीत उजळला. धाकटीने आईला मिठीच मारली. "म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं, दादा!"

दादा स्क्रीन वाचत होता. त्यानेच मोठ्या हौसेने लिहून ठेवलेला निरोप समोर उमटला होता:

"काळजी मिटली. दोन डिस्क सापडल्या, दोन्ही कोऱ्या केल्या. नाव सांगा, नव्याने सुरुवात करू."