चुळीचा काढा

जंतूंच्या दोन्ही बशा सारख्याच निघाल्या. रसायनानं चूळ भरणाऱ्यांच्या तोंडातले जंतू जितके मेले होते, तितकेच काढ्यानं चूळ भरणाऱ्यांचे. दंतवैद्यक शिकणाऱ्या शुभांगीला प्रयोगशाळेतच नाचावंसं वाटलं. काढा तिच्या आजीचा होता.

तिचे मार्गदर्शक सर मात्र नाचणाऱ्यांतले नव्हते. "इतकं सारखं कधी येत नसतं. गटांची सरमिसळ झालीय. खरं काय ते शोध, नाहीतर हा प्रबंध आणि पदवी, दोन्ही विसर."

सरमिसळ म्हटल्यावर तिला हसूच आलं. वाटणी तिनं मोठ्या हुशारीनं केली होती. रसायनाच्या बाटल्या गावात, काढ्याच्या आपल्या बौद्धवस्तीत. गावात केबल टीव्ही आला होता, पण वस्तीतला घोटभर चहा अजून गावातलं कुणी घेत नव्हतं. मग बाटल्या कुठून बदलणार? जिचा जन्मभर राग केला ती रीत एकदाची कामी आली, म्हणून ती स्वतःवर भलतीच खूश होती.

नगरहून एसटीनं ती काष्टीला उतरली आणि पुढं चालत घरी आली. आजी, भिमाबाई, ओट्यावर बाभळीची साल कुटत होती. शेजारी रसायनाची रिकामी बाटली. शुभांगीनं ती उचलली.

"आजी, ही इथं कशी?"

"रतनबाईनं दिली." रतनबाई म्हणजे गावातल्या बड्या घरची थोरली सून. "त्या औषधानं तिला चहाची चवच लागंना. काढा मागाया आली, मी दिला. मग तिच्या जावा आल्या, मग सगळी आळी. मोकळ्या हातानं कशा येत्याल? आपली बाटली ठिवून जायच्या. मग आमीबी ती वापरली."

शुभांगीची वर्षभराची मेहनत पाण्यात गेली होती. तिला रडूच आलं.

"काढा वस्तीतच द्यायचा, असं मी बजावून गेले होते ना? एकदा तरी नाही म्हणायचंस गं."

भिमाबाईचा हात थांबला.

"कसं म्हनू, शुभे? लगीन हून आले तवापसनं आपल्या चुलीवरचं पानी त्या घरातल्या कुनी तोंडाला लावलं न्हाई. ती आली, हितंच बसली, चूळ भरली. मी म्हनलं, थुका आता. तर म्हनली, तुमच्या दारात कशी थुकू? आन् गिळला की तिनं घोट."