खडखड

“तुमचा तो खटारा बंद करा, नाहीतर मी वायर कापीन!” सकाळीच मी भिंतीवरून ओरडले. शेजारच्या झाडेबाईंचा पत्र्याचा कूलर तीन उन्हाळे माझ्या डोक्यात खडखडत होता. म्हातारी एकटी राहायची, पण आवाज दहा माणसांचा. “कानात बोळे कोंब,” तिनं सुनावलं.

चंद्रपूरचा मे महिना, पारा शेहेचाळीसवर. भर दुपारी खडखड अचानक थांबली. जिंकल्यासारखी मी आडवी झाले, पण डोळा लागेना. लाइट तर होती, माझा पंखा फिरत होता. मग म्हातारीनं माझं ऐकलं? ती देवाचंही ऐकायची नाही. पाणी भरत असेल; शॉक बसू नये म्हणून कूलर बंद करूनच त्यात पाणी ओततात. पण दहा मिनिटं झाली. पाणी भरायला इतका वेळ लागत नाही.

शिव्या देतच मी अनवाणी धावले. झाडेबाई कूलरजवळ पडल्या होत्या, बादली लवंडलेली, अंग भट्टीसारखं तापलेलं. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला हाक मारली, चादर भिजवून त्यांच्या अंगावर टाकली आणि माठातलं पाणी कूलरमध्ये ओतू लागले.

तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. बंद कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कापलीस ना वायर, सटवे?”

“अजून नाही,” मी म्हणाले आणि बटण दाबलं.